व्हर्च्युअल असिस्टंट नेमताना: कामाच्या नोंदीपासून तीन महिन्यांच्या मूल्यमापनापर्यंत

ठाण्यातील वागळे इस्टेट, नवी मुंबईतील रबाळे, महापे किंवा तुर्भे येथील छोट्या कारखान्यांत आणि नौपाडा-वाशीतील दुकानांत, दवाखान्यांत व इंटिरिअरच्या कार्यालयांत घरून काम करणारा व्हर्च्युअल असिस्टंट ठेवण्याची पद्धत आता रुळली आहे. नेमणूक मात्र बहुतेक ठिकाणी उलट्या क्रमाने होते. ओळखीतून नाव मिळते, फोनवर बोलणे होते, महिन्याचा आकडा ठरतो, त्याच संध्याकाळी ईमेलचा पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला जातो आणि काम नेमके काय द्यायचे याचा विचार पुढच्या सोमवारी सुरू होतो. दोन महिन्यांनी मालक म्हणतो की माणूस चालला नाही. खरे तर तो चालला की नाही हे ठरवायला त्याच्याकडे कोणतेही मोजमाप नसते.

पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत, कारण प्रत्येक टप्प्यात तयार होणारा कागद पुढच्या टप्प्यात लागतो. उदाहरणासाठी रबाळे एमआयडीसीतील पुठ्ठ्याची खोकी बनवणारा, आठ-दहा कामगारांचा कारखाना समोर ठेवला आहे. आपला व्यवसाय वेगळा असला तरी क्रम तोच राहतो.

१. दोन आठवडे कामाची नोंद ठेवा

आपण स्वतः करत असलेले प्रत्येक कार्यालयीन काम दोन आठवडे लिहून काढावे: काय केले, किती मिनिटे लागली, त्यासाठी कोणती माहिती हाताशी असावी लागली. नोंद त्या-त्या वेळी करावी. रात्री आठवून लिहिलेल्या यादीत "ईमेल, फॉलो-अप, सोशल मीडिया" असे तीन शब्द उरतात आणि दिवसातून सहा वेळा ट्रान्सपोर्टवाल्याला केलेला फोन त्यात येतच नाही.

नंतर या यादीचे तीन भाग करावेत. बहुतेक जण "महत्त्वाचे" आणि "बिनमहत्त्वाचे" अशी विभागणी करतात. ती येथे उपयोगाची नाही. चूक झाली तर ती मागे घेता येते का, एवढाच निकष ठेवावा.

पहिल्या भागात सहज दुरुस्त होणारी कामे येतात: चौकशांची शीट भरणे, भेटींच्या वेळा ठरवणे, कोटेशनचा मसुदा तयार करणे. दुसऱ्या भागात दुरुस्त होणारी, पण वेळ, पैसा किंवा नाव घालवणारी कामे येतात. ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीसाठी जीएसटीखाली काढावे लागणारे ऑनलाइन कागदपत्र, हे त्याचे चांगले उदाहरण आहे. तयार झालेल्या ई-वे बिलातील मालाचा तपशील बदलता येत नाही. ते २४ तासांच्या आत रद्द करून नवे काढावे लागते आणि तोवर टेम्पो गेटवर उभा राहतो. तिसऱ्या भागात पैसे पाठवणे, विवरणपत्र दाखल करणे, दर ठरवणे आणि पार्टीला (माल घेणाऱ्या ग्राहकाला) उधारी मंजूर करणे ही कामे ठेवावीत. तिसरा भाग पहिले सहा महिने तरी कोणाकडेही सोपवू नये.

तपासणी: पहिल्या भागाची बेरीज आठवड्याला पाच तासांपेक्षा कमी भरत असेल, तर नेमणूक लांबणीवर टाकावी. अशा वेळी कोटेशनचा एक पक्का नमुना आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधील झटपट उत्तरे तयार करून ठेवल्यानेच बराचसा भार उतरतो.

२. प्रत्येक कामाचा एक पानी कागद तयार करा

पहिल्या भागातील फक्त तीन कामे निवडावीत आणि प्रत्येकासाठी एक पान लिहावे. काम कधी सुरू होते, त्यासाठी काय हाती असावे लागते, पायऱ्या कोणत्या, काम पूर्ण झाले असे कधी म्हणायचे आणि अडल्यास कोणाला विचारायचे, हे त्यात असले पाहिजे. "पार्ट्यांचा पाठपुरावा करणे" हे वर्णन अपुरे आहे, कारण ते पूर्ण झाले की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. त्याऐवजी असे लिहावे: कोटेशन गेल्यापासून तिसऱ्या कामाच्या दिवशी दुपारी १२ पूर्वी पार्टीला संदेश जावा, उत्तर आले की शीटमध्ये त्याच दिवशी नोंद व्हावी, उत्तर न आल्यास सातव्या दिवशी फोन करावा, दर कमी करण्याची मागणी आली, तर काहीही कबूल न करता ती मालकाकडे पाठवावी.

भाषेचाही उल्लेख याच पानावर करावा. वाशीच्या मसाला बाजारातील व्यापाऱ्याला हिंदी-गुजराती समजणारा सहायक लागेल, तर ठाण्यातील दंतवैद्याला वयस्कर रुग्णांशी शांतपणे मराठीत बोलणारा. "इंग्रजी उत्तम हवे" अशी अट सवयीने घातली जाते आणि तिच्यामुळे कामाला योग्य असलेली अनेक माणसे आधीच गळतात.

सावधान: हे पान आपल्याला लिहिता येत नसेल, तर ते काम दुसऱ्याला शिकवताही येणार नाही. ते काम सध्या यादीतून काढावे.

३. तास, मोबदला आणि कर यांचा निर्णय आधी घ्या

पहिले तीन महिने तासाच्या दराने, पण आठवड्याच्या कमाल तासांची मर्यादा घालून काम द्यावे, असे माझे मत आहे. ठरावीक मासिक रक्कम सुरुवातीलाच ठरवली, तर काम किती आहे हे दोघांनाही माहीत नसताना कोणीतरी एक जण नाराज होतो. दर ठरवताना पहिल्या महिन्यात शिकवण्यात जाणारा आपला स्वतःचा वेळही खर्चात धरावा.

कराची बाजू सीएला करारापूर्वीच विचारावी; तीन गोष्टी मात्र स्वतःला ठाऊक असाव्यात. कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा भागीदारी संस्था असेल तर टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कर कापून सरकारकडे भरण्याचा, प्रश्न येतोच. एकाच व्यक्तीच्या मालकीच्या व्यवसायात मागील वर्षाची उलाढाल १ कोटी रुपयांच्या पुढे गेली असेल तर तो येतो. हे देणे व्यावसायिक शुल्क मानले गेले, तर वर्षाला ५०,००० रुपयांची मर्यादा ओलांडल्यावर १० टक्के कपात होते, कंत्राट मानले गेले तर दर आणि मर्यादा वेगळ्या असतात, आणि समोरच्याने पॅन दिला नाही तर कपात २० टक्क्यांवर जाते. सहायकाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर त्याला सहसा जीएसटी नोंदणीची गरज नसते. म्हणून बिलावर जीएसटी लावलेला दिसला तर त्याचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर तपासून घ्यावा.

४. शोध, पहिली चाळणी आणि बोलणे

जाहिरातीत तिन्ही कामांची नावे, आठवड्याचे तास, उपलब्ध असण्याची वेळ, भाषा आणि मोबदल्याची पद्धत लिहावी. अर्जाच्या विषयात एखादा ठरावीक शब्द लिहिण्याची आणि कामांपैकी एकाविषयी दोन प्रश्न विचारण्याची सूचना द्यावी. जे ही सूचना पाळत नाहीत त्यांना बाजूला ठेवण्यात अन्याय नाही, कारण लिहिलेले नीट वाचणे हेच या कामाचे अर्धे अंग आहे. शोधाची ठिकाणे नेहमीचीच आहेत: लिंक्डइन, आपल्या सीएचे कार्यालय, गृहसंकुलांचे गट. डोंबिवली, बदलापूर किंवा पनवेलहून लोकलचा प्रवास टाळू इच्छिणाऱ्या अनुभवी महिला कर्मचारी या कामासाठी वारंवार भेटतात आणि कार्यालयीन शिस्त त्यांच्या अंगी आधीच असते.

व्हिडिओ कॉल अर्ध्या तासापेक्षा लांबवू नये. सध्या किती ग्राहकांचे काम आहे, त्यात आपला स्पर्धक आहे का, वीज गेली तर किती वेळ काम चालते, इंटरनेटची दुसरी सोय काय आणि गणपतीत किती दिवस गावी जाणार, हे स्पष्ट विचारावे. कोकणात जाणारा माणूस गणपतीत कोकणात जाणारच. ही रजा नेमण्याआधी विचारून घेतली तर नियोजनाचा भाग ठरते, नंतर कळली तर भांडणाचा.

पूर्वीच्या दोन ग्राहकांशी फोनवर बोलावे. "माणूस कसा आहे" असे विचारले की "चांगला आहे" हेच उत्तर येते. "काम का थांबले?" आणि "कोणते काम तुम्ही त्यांना पुन्हा देणार नाही?" हे प्रश्न विचारावेत.

५. पैसे देऊन चाचणी घ्या

सर्वाधिक नेमणुका येथे फसतात, कारण एक तर चाचणी घेतलीच जात नाही किंवा फुकटात दोन दिवसांचे खरे काम करून घेतले जाते. दुसऱ्या प्रकारात चांगले उमेदवार निघून जातात आणि आपल्या ग्राहकांची माहिती अनोळखी माणसाच्या लॅपटॉपवर उरते. चाचणी दोन-तीन तासांची असावी, तिचे पैसे त्याच दिवशी द्यावेत, त्यातील नावे व क्रमांक काल्पनिक असावेत आणि बोलण्यानंतर निवडलेल्या सर्व उमेदवारांना ती तंतोतंत सारखी द्यावी.

आपल्या खोक्यांच्या कारखान्यासाठी चाचणी पुढीलप्रमाणे रचता येईल.

पहिला भाग: तीस ओळींची चौकशांची यादी स्वच्छ करायला द्यावी. त्यात तीच पार्टी दोन वेगळ्या स्पेलिंगने लिहिलेली असावी, एक मोबाइल क्रमांक नऊ आकड्यांचा असावा आणि एका ओळीत पत्ता पुण्याचा असूनही जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होणारा असावा. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो, त्यातील पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गुजरातचे २४. उमेदवाराला हे आधीपासून ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. बाकीच्या सर्व पुणेकर पार्ट्या २७ ने सुरू होतात आणि एकच वेगळी आहे, हे त्याच्या नजरेत भरते का ते पाहायचे आहे.

दुसरा भाग: माल उशिरा पोहोचल्यामुळे संतापलेल्या पार्टीला मराठीत आणि हिंदीत उत्तर लिहायला सांगावे. नवी तारीख दिलेली नाही, हे मुद्दाम ठेवावे. जो स्वतःच्या मनाने "उद्या माल मिळेल" असे लिहितो, तो खऱ्या कामातही आपल्या नावाने शब्द देऊन बसेल.

तिसरा भाग: "मागच्या वेळच्या दराने कोटेशन तयार करा" अशी अर्धवट सूचना देऊन सोबत वेगवेगळ्या दरांची, तारीख नसलेली दोन जुनी कोटेशने ठेवावीत. कोणता दर घ्यायचा असे विचारणारा उमेदवार येथे पुढे जातो. न विचारता एक दर धरणाऱ्याने तसे खाली नमूद केले असेल, तर त्याला अर्धे गुण द्यावेत.

चौथा भाग बहुतेक जण विसरतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत बोलका असतो. तिन्ही भाग तपासून चुका लेखी कळवाव्यात आणि दुरुस्त करून परत मागवावे. पहिल्या प्रयत्नातून पूर्वीचा अनुभव दिसतो. दुसऱ्या प्रयत्नातून पुढचे सहा महिने कसे जातील ते दिसते. दाखवलेली चूक तेवढीच सुधारून त्याच प्रकारची शेजारची चूक तशीच ठेवणारा उमेदवार प्रत्येक वेळी आपल्यालाच तपासायला लावील.

उत्तरे एआयच्या मदतीने लिहिलेली असू शकतात आणि त्यात गैर काही नाही. फक्त वीस मिनिटे स्क्रीन शेअर करून एक छोटे काम समोर करवून घ्यावे, म्हणजे हात कोणाचा आहे ते कळते.

तपासणी: गुण देण्याचा तक्ता चाचणी पाठवण्यापूर्वी लिहिलेला असावा. उत्तरे पाहिल्यानंतर निकष ठरवले की ज्याच्याशी बोलणे छान झाले तोच पहिला येतो.

६. करार लहान ठेवा, पण चार गोष्टी गाळू नका

पहिली गोष्ट म्हणजे कामाचे कागद कराराला जोडावेत आणि बिलाची तारीख, पैसे देण्याची मुदत व दोन्ही बाजूंचा सूचनाकाळ लिहावा.

दुसरी, तयार झालेल्या मजकुराची आणि डिझाइनची मालकी. बाहेरच्या व्यक्तीने केलेल्या अशा कामाचा कॉपीराइट केवळ पैसे दिल्याने आपल्याकडे येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीचे लागते, आणि मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचेच धरले जाते. कॅटलॉग किंवा समाजमाध्यमांवरील मजकूर करून घेणार असाल तर मुदत आणि प्रदेश (हे हक्क कुठे लागू असतील ते) दोन्ही लिहावे.

तिसरी, ग्राहकांची माहिती. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात जबाबदारी व्यवसायावरच ठेवली आहे, काम दुसऱ्याकडून करून घेतले तरीही. म्हणून ग्राहकांची नावे व क्रमांक स्वतःच्या उपकरणावर साठवायचे नाहीत, सार्वजनिक एआय साधनांत टाकायचे नाहीत आणि काम संपल्यावर पुसायचे, असे स्पष्ट लिहावे.

चौथी गोष्ट, गोपनीयता, गाळायची नाही, पण नीट लिहायची आहे. "काम सोडल्यावर दोन वर्षे स्पर्धकाचे काम करणार नाही" असे कलम अनेक तयार नमुन्यांत असते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे असे बंधन सहसा टिकत नाही. त्याऐवजी दर, पार्ट्यांची यादी आणि कोटेशने गोपनीय ठेवण्याची अट लिहावी. ती अधिक उपयोगी पडते.

७. प्रवेश टप्प्याटप्प्याने द्या

एक साधी वही किंवा शीट करावी: कोणत्या खात्यात, कोणत्या पातळीचा प्रवेश, कोणत्या तारखेला दिला, कधी काढला. या नोंदीशिवाय एकही प्रवेश देऊ नये.

ईमेलसाठी पासवर्ड देण्याची गरज नसते. जीमेलमध्ये दुसऱ्या व्यक्तीला आपल्या खात्याचा प्रवेश देण्याची सोय आहे. तिला पत्रे वाचता व पाठवता येतात, पासवर्ड बदलता येत नाही. त्यातून संपूर्ण पेटी दिसते, म्हणून बँकेची आणि घरची पत्रे येणारे खाते न देता कार्यालयाचे वेगळे खाते उघडावे. ड्राइव्हमध्ये सहायकाचे तेवढे फोल्डर शेअर करावे आणि संपादकांना पुढे शेअर करण्याची मुभा बंद करावी.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचे सिम आणि मुख्य फोन आपल्याकडेच ठेवून सहायकाचा संगणक जोडलेले उपकरण म्हणून जोडावा. मुख्य फोनशिवाय अशी चार उपकरणे जोडता येतात. जोडलेल्या उपकरणावर त्या क्रमांकाच्या गप्पा दिसतात. घरचा आणि धंद्याचा क्रमांक एकच असेल, तर आधी तो वेगळा करावा.

ई-वे बिल पोर्टलवर उपवापरकर्ता तयार करता येतो आणि त्याला मोजकेच अधिकार देता येतात. मुख्य लॉगिन द्यायचे कारण उरत नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही प्रशासकाचे खाते न देता मर्यादित अधिकारांचा वेगळा वापरकर्ता करावा. बँकेच्या चालू खात्यात एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, अशी सोय असेल तरी ती पहिल्या सहा महिन्यांनंतरच वापरावी.

सावधान: ओटीपी कोणत्याही कारणाने, एकदाही, पुढे पाठवू नये. "मी बाहेर आहे, तेवढा ओटीपी पाठवतो" या वाक्याने वरची सगळी व्यवस्था निकामी होते. एखादे काम ओटीपीशिवाय होत नसेल तर ते कामांच्या यादीच्या तिसऱ्या भागातील, न सोपवण्याचे काम आहे.

८. पहिले चार आठवडे

पहिल्या आठवड्यात आपण काम करताना स्क्रीन रेकॉर्ड करावी आणि सहायकाने ते पाहून कामाचा कागद स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहावा. त्याने काय समजून घेतले ते या लिखाणात लगेच दिसते आणि आपण गृहीत धरलेल्या, न लिहिलेल्या पायऱ्याही वर येतात. दुसऱ्या आठवड्यात सहायकाने मसुदे तयार करावेत व पाठवायचे आपण. तिसऱ्या आठवड्यात त्याने पाठवावे आणि आपण रोजच्या कामातील काही नग पाहावेत. चौथ्या आठवड्यात मधे पडू नये.

रोज सकाळी दहा मिनिटांचा फोन आणि संध्याकाळी तीन ओळींची नोंद पुरेशी आहे: काय झाले, काय अडले, उद्या काय. दिवसभर सुटे संदेश पाठवत राहण्याची सवय मालकांनाच मोडावी लागते. दर वीस मिनिटांनी नवे काम देणारा मालक नंतर कामाला उशीर झाल्याची तक्रार करतो.

मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) ची तारीख ११ आणि जीएसटीआर-३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) ची २० असते. म्हणून बिले गोळा करून सीएकडे पाठवण्याची तारीख ५ ठेवावी आणि १ ते ५ या दिवसांत नवे काम शिकवायला घेऊ नये.

९. मूल्यमापन: काय मोजायचे

स्क्रीनचे फोटो काढणारी आणि माउसची हालचाल मोजणारी साधने घेण्याचा मोह टाळावा. त्यांतून माणूस खुर्चीत बसला होता एवढेच कळते. चार आकडे दर आठवड्याला लिहावेत.

पहिला, कागदावर दिलेल्या वेळेत किती कामे पूर्ण झाली. दुसरा, चुका: दर शुक्रवारी कोणत्याही दहा नोंदी उचलून मूळ ईमेलशी किंवा बिलाशी ताडून पाहाव्यात. तिसरा, तेच प्रश्न किती वेळा पुन्हा आले. चौथा, त्या आठवड्यात या व्यक्तीसाठी आपली किती मिनिटे गेली. चौथा आकडा क्वचितच कोणी लिहितो, पण नेमणूक परवडते की नाही ते त्यावरूनच ठरते. समजा सहायक आठवड्याला दहा तास काम करतो आणि आपले चार तास त्याला सांगण्यात व तपासण्यात जातात. चौथ्या आठवड्यात हे चालेल, बाराव्या आठवड्यातही आकडा चारच असेल तर व्यवस्था बदलली पाहिजे.

चूक सापडली की तिचे कारण तीनांपैकी एका रकान्यात टाकावे: कागदात सूचना नव्हती, सूचना होती पण समजली नव्हती, किंवा समजली होती आणि दुर्लक्ष झाले. पहिल्या रकान्यातील चूक मालकाची असते आणि कागद त्याच दिवशी सुधारावा. दुसऱ्यासाठी पुन्हा एकदा दाखवावे. तिसऱ्या रकान्यात तीच चूक दोनदा आली की स्पष्ट बोलावे. या वर्गवारीशिवाय सगळ्याच चुका निष्काळजीपणाच्या वाटतात आणि बोलणी खावी लागतात सहायकाला. पहिल्या महिन्यात पहिलाच रकाना सर्वांत भरलेला दिसला तर नवल वाटू देऊ नये.

तपासणी: तीसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी अर्धा तास बसून आकडे दोघांनी एकत्र पाहावेत. तीसाव्या दिवशी फक्त कागद सुधारावेत. साठाव्या दिवशी कामांच्या यादीच्या दुसऱ्या भागातील एखादे काम द्यायचे का ते ठरवावे. पुढे चालू ठेवणे, तास बदलणे किंवा थांबणे हा निर्णय नव्वदाव्या दिवशी घ्यावा, आणि मासिक रक्कम ठरवायची तर ती आता ठरवावी, कारण आता तासांचा अंदाज कागदावर आहे.

१०. थांबायचे ठरले तर

आधी बोलावे, मग त्याच दिवशी प्रवेशाच्या नोंदीतील एकेक ओळ खोडत जावे: जीमेलचा प्रवेश, ड्राइव्हचे फोल्डर, व्हॉट्सअ‍ॅपचे जोडलेले उपकरण, ई-वे बिलाचा उपवापरकर्ता, टॅलीचा वापरकर्ता, गूगलवरील दुकानाच्या माहितीचे व्यवस्थापकपद. सूचनाकाळात काम सुरू राहणार असेल तर फक्त अर्धवट कामांना लागणारा प्रवेश ठेवून बाकीचा काढावा. ज्या पार्ट्यांशी सहायक थेट बोलत होता त्यांना आपल्याकडून दोन ओळींचा संदेश जावा की पुढील बोलणी कार्यालयाच्या याच क्रमांकावर होतील.

हस्तांतराच्या यादीत अडकलेली कोटेशने, उत्तराची वाट पाहत असलेल्या पार्ट्या आणि सहायकाने सुधारलेले कामाचे कागद असावेत. शेवटचे बिल रोखून धरून यादी मिळवण्याचा प्रयत्न करू नये; यादी पूर्ण करण्याच्या तासांचेही पैसे द्यावेत आणि ती मिळाली की बिल त्याच दिवशी चुकते करावे.

पुढच्या उमेदवारासाठी चाचणी पुन्हा तयार करताना नव्वद दिवसांच्या चुकांचा तक्ता समोर ठेवावा आणि जी चूक सर्वांत महागात पडली ती त्या चाचणीत मुद्दाम पेरावी.